शेळ्यांसाठी मुरघास : पिकाचं वाया जाणारं हिरवं, उन्हाळ्याची शिदोरी



रेडिओवर आपण मुरघासाविषयी बोललो. ऐकताना काही निसटतं, काही विसरतं. म्हणून तीच माहिती या पत्रकात छापून देत आहोत. गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवा. स्वतः वाचा, आणि घरात शेळ्यांचं जी बघते तिलाही वाचून दाखवा. कारण बहुतेक घरांत शेळी ही बाईच्याच हातची असते.

शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो. अडीअडचणीला उपयोगी पडणारा घरचा पैसा म्हणतो. पण हा पैसा आपल्या हातून कधी निसटतो, याचा विचार करा. शिमगा झाला की बांधावरचं हिरवं संपतं. चैत्रात शेळ्यांच्या बरगड्या दिसू लागतात. वैशाखात व्यापारी दारात येतो आणि गाभण शेळीसुद्धा पडत्या भावानं घेऊन जातो. पाऊस पडून हिरवं झालं की तशीच शेळी बाजारात दामदुपटीनं विकत घ्यावी लागते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, २०१२-१३ चा ज्यांनी सोसला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि गंमत अशी, की याच शेळ्यांचा उन्हाळ्याचा चारा आपणच भादव्यापासून पौषापर्यंत बांधावर वाळवत टाकलेला असतो. हिरवी कणसं विकल्यावर उभी राहिलेली मक्याची ताटं, ऊस तोडल्यावर पडलेलं वाढं, भुईमुगाचे आणि रताळ्याचे वेल. हेच हिरवं हवाबंद करून मुरवलं, की त्याचा मुरघास होतो.

मुरघास म्हणजे काय?

तुम्ही घरी लोणचं घालता. फोडी बरणीत दाबून भरता, वर तेल ठेवता, दादरा बांधता. का? तर आत हवा जाऊ नये म्हणून. मुरघासाचं तसंच आहे. हिरव्या चाऱ्यावर मुळातच बारीक जिवाणू असतात. हवा कोंडली की त्यांतले आंबवणारे जिवाणू वाढतात. चाऱ्यातली साखर खाऊन ते आम्ल तयार करतात. दह्यात असतं तेच हे आम्ल. चारा पुरेसा आंबट झाला की कुजवणारे जिवाणू त्यात तग धरत नाहीत, आणि चारा आहे तसा टिकून राहतो. याला साधारण ४५ दिवस लागतात.

म्हणजे मुरघासाचे शत्रू तीन : हवा, जास्त पाणी आणि माती. हे तीन बाहेर ठेवले की काम झालं.

शेळीवाल्यानं खड्डा करू नये

मुरघास म्हटलं की लोकांना मोठा खड्डा आठवतो. दहा-पंधरा गाईम्हशी असतील तर खड्डा ठीक आहे. शेळ्यांचा हिशेब वेगळा आहे. जरा मांडून बघू.

समजा तुमच्याकडे १० मोठ्या शेळ्या आहेत. शेळीला रोज दीड किलो धरला तर दिवसाला १५ किलो मुरघास लागतो. शिमग्यापासून मृगापर्यंत १०० दिवस धरले तर १५ क्विंटल झाला. पायानं तुडवलेला मुरघास घनफुटाला साधारण १४ किलो बसतो. म्हणजे ७ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल खड्डा पुरेल. इथपर्यंत हिशेब बरोबर वाटतो.

पण उघडल्यावर काय होतं? रोज १५ किलो काढला तर खड्ड्याचा थर अर्धा इंचसुद्धा खाली जात नाही. उघड्या मुरघासाला हवा लागते, तो तापतो, त्याला बुरशी धरते. बुरशीच्या पुढे राहायचं तर रोज निदान चार-पाच इंचांचा थर निघाला पाहिजे. दहा शेळ्या तेवढा खाणार नाहीत. मग अर्धा खड्डा उकिरड्यावर जातो, नाही तर जीव हळहळतो म्हणून तोच खराब चारा शेळ्यांपुढे पडतो. दोन्हींत नुकसान आपलंच.

म्हणून शेळ्यांसाठी पिशवी किंवा झाकणाचं पिंप वापरा. खताच्या मापाच्या गोणीत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तुडवून भरली, तर साधारण ३० किलो मावतो. दहा शेळ्यांना ती दोन दिवस पुरते, चार शेळ्यांना पाच दिवस. २०० लिटरच्या पिंपात साधारण १०० किलो बसतो, दहा शेळ्यांना सहा-सात दिवस पुरतो. एक संपेपर्यंत बाकीच्या बंदच राहतात. आणि सगळं एका दिवसात भरायची घाई नाही. मका निघाला तेव्हा पाच गोण्या, ऊस तुटला तेव्हा दहा, असं बेताबेतानं भरता येतं.

गोणी पेंडीची असेल तर उत्तम. युरियाची असेल तर आतून-बाहेरून दोन-तीनदा धुऊन वाळवा. युरिया पोटात गेला तर शेळीला विष आहे. औषधाचं पिंप कितीही धुतलं तरी वापरू नका.

काय भरावं, काय भरू नये

मक्याची हिरवी ताटं सगळ्यांत चांगली. त्यांत साखर असते, गूळ घालावा लागत नाही. उसाचं वाढंही चांगलं मुरतं. भुईमुगाच्या आणि रताळ्याच्या वेलांत पाणी जास्त असतं, ते अर्धा ते एक दिवस उन्हात सुकवा. भुईमुगाच्या वेलाची माती झटकून काढा, मुळं कापून टाका. माती आत गेली की चारा आंबण्याऐवजी सडतो. वेल नुसते भरू नका. तीन पाट्या मका किंवा वाढं आणि एक पाटी वेल, असं मिसळा. कोबी-फ्लॉवरचा पाला फार पाणचट असतो. तो सुकवून कडब्याच्या कुट्टीत मिसळला तरच भरा.

ज्वारीचं मात्र जपून. फुलोऱ्याआधीची कोवळी ज्वारी आणि कापणीनंतरचे हिरवे फुटवे यांत विष असतं, ते खाऊन जनावर दगावतं. मुरल्यावर विष कमी होतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ज्वारी फुलोरा होऊन दाणा चिकात आल्यावरच कापा.

वाळलेला कडबा मुरत नाही, तो कडबा म्हणूनच ठेवा. कण्हेर, एरंड, घाणेरी, गाजरगवत यांची एक काडीही आत जाऊ देऊ नका. आणि पिकावर औषध फवारलं असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस पुरे झाल्याशिवाय पाला घेऊ नका.

भरायचं कसं?

१) चारा अर्धा ते एक इंच कुट्टी करा. लांब तुकडे राहिले तर मध्ये हवा राहते, आणि शेळी देठं टाकून पानंच निवडते.

२) मुठीची परीक्षा करा. मूठभर कुट्टी घट्ट दाबा. बोटांतून पाणी ठिबकलं तर चारा ओला आहे, आणखी सुकवा. मूठ उघडताच कुट्टी भसकन सुटली तर कोरडा आहे, पाण्याचा हबका मारा. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला, की बेत बरोबर जमला.

३) १०० किलो कुट्टीला अर्धा किलो मीठ भुरभुरवा. वेल मिसळले असतील तर एक किलो गूळ दोन-तीन लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा. युरिया घालू नका.

४) सहा-सहा इंचांचा थर घाला आणि प्रत्येक थर तुडवा. कोपरे विसरू नका. सगळं यश तुडवण्यात आहे.

५) हवा दाबून काढा, पिशवीचं तोंड पिळा, दुमडा आणि सुतळीनं दोनदा आवळा. सकाळी धरलेली गोणी त्याच दिवशी बांधून झाली पाहिजे.

६) गोण्या सावलीत, फळीवर रचा. उंदीर आणि कावळे हे मोठे वैरी. आठवड्यातून एकदा फिरून बघा. भोक दिसलं की लगेच चिकटपट्टी लावा. पहिल्या काही दिवसांत गोणी जराशी फुगली तर घाबरू नका, भोक पाडू नका.

उघडल्यावर आधी नाक, मग डोळे

चांगल्या मुरघासाला आंबूस-गोडसर वास येतो. रंग पिवळसर हिरवा असतो, हाताला चिकट लागत नाही. कुजका किंवा नाकात झोंबणारा वास, काळा रंग, बुळबुळीतपणा, पांढरी-निळी बुरशी, यांतलं काही दिसलं तर ती गोणी खतखड्ड्यात टाका. वरचं काढून खालचं देऊ, असा मोह धरू नका. गोणीभर चाऱ्यापायी शेळी घालवण्यात शहाणपण नाही.

खराब मुरघासातून एक वाईट रोग येतो. शेळी एका बाजूला मान वळवून गोल गोल फिरते, एक कान लोंबतो, तोंडातून लाळ गळते. गाभण शेळी गाभडते. असं दिसलं की मुरघास ताबडतोब बंद करा आणि पशुवैद्यकाला बोलवा, उद्यावर टाकू नका. हा रोग माणसालाही होतो. गाभडलेल्या शेळीला उघड्या हातानं शिवू नका, घरातल्या गरोदर बाईला तर जवळ जाऊ देऊ नका. दूध नेहमी उकळूनच प्या.

किती द्यावा?

पहिल्या दिवशी ओंजळभर द्या. आठ-दहा दिवसांत वाढवत एक ते दीड किलोवर न्या. एकदम पोटभर दिला तर शेळीचं पोट बिघडतं. चाऱ्यात अचानक बदल झाला की आंत्रविषारही उद्भवतो, म्हणून पावसाळ्याआधीची त्याची लस चुकवू नका.

मुरघास हे अर्धं जेवण आहे, पुरं नव्हे. कणसं काढलेल्या मक्यात प्रथिनं थोडी असतात. त्याला जोड म्हणून तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा वाळला पाला, शेवरी, बाभळीच्या शेंगा द्या. सुभाबूळ देत असाल तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. वाढ्याचा मुरघास असेल तर क्षार मिश्रण द्याच, कारण वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातला चुना बांधून ठेवतं. तीन महिन्यांच्या आतल्या करडांना मुरघास नको. गव्हाणीत उरलेला चारा संध्याकाळी काढून टाका. शिळ्यावर ताजा ओतू नका.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*शेळी तोंड लावत नाही, काय करावं?*
वास नवा असतो म्हणून पहिले दोन-तीन दिवस ती हुंगून मागं सरते. मूठभर भुसकटात कालवून द्या, सकाळी भुकेच्या वेळी द्या. एकीनं खाल्लं की बाकीच्या आपोआप येतात.

*गोणी ४५ दिवसांनी उघडलीच पाहिजे का?*
नाही. तोंड बंद आणि भोक नसेल तर उन्हाळ्यापर्यंत खुशाल राहते. उघडली की मात्र चार-पाच दिवसांत संपवा.

बंधूंनो आणि भगिनींनो, पहिल्याच वर्षी पन्नास गोण्या भरायला जाऊ नका. यंदा पाच भरा. कुठं चुकलं, कुठं साधलं, ते पाच गोण्याच तुम्हाला शिकवतील. पुढच्या वैशाखात व्यापारी दारात आला, तर शेळी विकायची की नाही ते तुम्ही ठरवाल, तुमची रिकामी गव्हाण नव्हे.

करून बघा, आणि कसं झालं ते पत्र लिहून जरूर कळवा.