किमान वेतन : शिवारातले समज आणि कायद्यातली वस्तुस्थिती

सोनपेठ तालुक्यात मजुरीची बोलणी वर्षातून तीन वेळा जोरात होतात. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. पावसाळा सरता सरता मुकादम ऊसतोडीच्या टोळ्या बांधतो आणि उचल वाटतो. दिवाळीच्या मागेपुढे कापूस फुटला की वेचणीचा किलोमागचा भाव गावागावांत ठरतो. या तिन्ही बोलण्यांत पैशांवरून तासन् तास घासाघीस चालते, पण किमान वेतन हा शब्द सहसा कुणी काढत नाही. मजुराला वाटतं, तो कायदा कंपनीतल्या माणसांचा. शेतकऱ्याला वाटतं, तो लागू झाला तर शेती बुडेल. दोन्ही समज तपासून पाहिले पाहिजेत.

गैरसमज : हा कायदा कारखान्यांसाठी आहे, शेतमजुराला नाही

किमान वेतन कायदा 1948 साली झाला, तेव्हाच त्याच्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात शेतीकाम घातलेलं होतं. म्हणजे खुरपणी, वेचणी, काढणी, मळणी ही कामं पहिल्या दिवसापासून कायद्याच्या कक्षेत आहेत. त्या कायद्याची एक मोठी उणीव होती. अनुसूचीत ज्या धंद्याचं नाव असेल, त्यालाच तो लागू व्हायचा. वेतन संहिता 2019 ने ही अट काढली. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती संहिता अमलात आली आहे आणि आता कामाचा प्रकार कोणताही असो, किमान वेतनाचा हक्क सगळ्यांना आहे. नवे दर येईपर्यंत राज्याच्या जुन्या अधिसूचनांमधले दर चालू राहतात.

गैरसमज : देशभर एकच दर आहे

26 सप्टेंबर 2024 रोजी केंद्र सरकारने जाहीर केलं की अकुशल कामगाराचं किमान वेतन दिवसाला 783 रुपये झालं. ही बातमी मोबाईलवर गावोगाव फिरली आणि अनेकांनी तो आपला दर समजला. तो दर केंद्राच्या अखत्यारीतल्या बांधकाम, झाडलोट, माल चढवणं-उतरवणं अशा कामांसाठी होता आणि तोही मोठ्या शहरांच्या ‘अ’ क्षेत्रापुरता. सोनपेठच्या शेतातला, दुकानातला, वीटभट्टीवरचा दर राज्य सरकार ठरवतं.

राज्यही सगळीकडे एक दर लावत नाही. दुकानं आणि व्यापारी संस्थांसाठी महाराष्ट्रात तीन परिमंडळं आहेत. महानगरपालिका पहिल्यात येतात. सोनपेठसारखी लहान नगरपरिषद तिसऱ्यात येते. 2019 च्या अधिसूचनेत अकुशल कामगाराचं मूळ वेतन पहिल्या परिमंडळात महिना 10,021 रुपये आणि तिसऱ्यात 8,828 रुपये धरलं आहे. त्यावर महागाईच्या निर्देशांकानुसार विशेष भत्ता मिळतो, तो दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. कापडाच्या किंवा किराणा दुकानातल्या पोराला मालक नुसतं मूळ वेतन देऊन ‘सरकारी दराने देतो’ म्हणत असेल, तर ते खरं नाही.

हे आकडे येतात कुठून, हेही माहीत असावं. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने मोजमाप ठरवून दिलं. एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग एकक, प्रत्येकी रोज 2,700 उष्मांकांचं अन्न, कपडा, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी 25 टक्क्यांची भर घातली. या मापाने प्रत्यक्ष दर ठरतात का? नाही. केंद्राच्याच अनुप सत्पथी समितीने जानेवारी 2019 मध्ये देशासाठी दिवसाला किमान 375 रुपये सुचवले होते. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय पायाभूत दर 176 वरून 178 रुपये केला. दोन रुपयांची वाढ! किमान वेतनावर टीका करायची तर इथे करावी. तो फार जास्त आहे ही तक्रार निदान या आकड्यापुढे टिकत नाही.

गैरसमज : दोघांच्या राजीखुशीने कमी ठरलं तर हरकत नाही

हरकत आहे. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा कोणताही करार कायद्याने रद्दबातल असतो, मग तो तोंडी असो की बाँडपेपरवर. यामागचं तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये संजित रॉय विरुद्ध राजस्थान या खटल्यात स्पष्ट केलं. दुष्काळी कामावरच्या मजुरांना कमी पैसे देताना सरकारचं म्हणणं होतं की आम्ही तर मदत म्हणून काम काढलंय. न्यायालयाने ते मानलं नाही. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही संविधानाच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठ आहे, असा निकाल दिला. पोटात भूक असताना दिलेली संमती ही मोकळी संमती नसते, हे त्यात मान्य झालं. 1972 चा दुष्काळ ज्या मराठवाड्याने काढला, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गैरसमज : गुत्त्याच्या कामाला किमान वेतन नसतं

मला हा सगळ्यांत घातक गैरसमज वाटतो, कारण सोनपेठकडची बरीच मजुरी आता रोजावरून गुत्त्यावर गेली आहे. एकराने खुरपणी, किलोने वेचणी, टनाने तोडणी. कायदा सांगतो की किमान वेळदर ठरलेला असेल तर नगावर काम करणाऱ्यालाही त्या दरापेक्षा कमी पडता कामा नये.

ऊसतोडीचं गणित करून पाहा. 4 जानेवारी 2024 रोजी पुण्यात साखर संघ आणि ऊसतोड संघटनांचा समझोता झाला, शरद पवार आणि पंकजा मुंडे त्या बैठकीत होते. 34 टक्के वाढ मिळाली आणि हाताने तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपयांवर गेला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते. दीड टनाचे 549 रुपये, दोन टनांचे 732. माणशी पावणेतीनशे ते साडेतीनशेच्या वर थोडं. पहाटे फडात शिरल्यापासून रात्री वाहन भरून होईपर्यंतचे सगळे तास यात आले. आठ तासांवरच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यायचे असतात, हा नियम फडापर्यंत पोचतच नाही. आजारपणात, बाळंतपणात, पावसाने फड बंद राहिल्यावर उत्पन्न शून्य होतं आणि उचल अंगावर तशीच राहते.

संघटनांनी भांडून मिळवलेल्या वाढीचं मोल कमी नाही. तरी टनाचा दर वाढला एवढ्याने किमान वेतन मिळालं असं होत नाही. जोडीची कमाई एकत्र धरली की बाईची मजुरी हिशेबात दिसतच नाही. उचल नवऱ्याच्या नावाने आणि मोळी बायकोच्या डोक्यावर. समान कामाला समान मोबदला 1976 च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. गावातल्या रोजात मात्र ‘बाईचा रोज’ आणि ‘गड्याचा रोज’ असे दोन भाव आजही उघड बोलले जातात.

गैरसमज : किमान वेतन वाढलं की रोजगार जातो

इथे खरोखर दोन बाजू आहेत. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीत 1992 साली किमान वेतन वाढल्यावर तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या खाद्यगृहांची तुलना केली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. मजूर दुसरीकडे सहज जाऊ शकत नसेल, तर मालक त्याच्या कामाच्या किमतीपेक्षा कमी देऊ शकतो आणि दर वाढवूनही मजूर ठेवणं त्याला परवडतं. उचलीने बांधलेल्या कोयत्याला हे तंतोतंत लागू पडतं.

उलट बाजूचा दाखला आपल्याच राज्यातला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा दर शेतीच्या किमान वेतनाशी जोडलेला होता. 1988 मध्ये किमान वेतन वाढलं, तेव्हा हमीच्या कामावरची मजुरी जवळपास दुप्पट झाली. त्यानंतर कामावरची हजेरी घसरली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा माग काढला. मजुरांना काम नको झालं नव्हतं. वाढीव दराला पुरेल एवढी कामं काढली गेली नाहीत आणि काम मागणारे बाहेर राहिले. दर कागदावर वाढवायचा आणि त्यामागे पैसा उभा करायचा नाही, याची किंमत सर्वांत गरीब माणसाने दिली.

म्हणून माझं मत असं की प्रश्न दर किती यापेक्षा तो कोण देणार, हा आहे. साखर कारखाना, गुत्तेदार, सरकारी योजना, नगरपरिषदेचं कंत्राट यांना किमान वेतन परवडत नाही हे मी मानायला तयार नाही. कोरडवाहू पाच एकरांच्या शेतकऱ्याचं तसं नाही. सोयाबीन हमीभावाखाली विकावं लागलं तर त्याची स्वतःची मजुरीही सुटत नाही. त्याच्यावर नुसती तपासणी लादली तर तो मजूर कमी करेल, तणनाशक मारेल, नाहीतर शेत ठोक्याने देऊन टाकेल. त्याच्या मजुराला पूर्ण वेतन मिळायला हवं असेल, तर मालाला भाव मिळवून देणं हा त्याच धोरणाचा भाग आहे.

गैरसमज : रोहयोचा दर म्हणजेच किमान वेतन

2025-26 साठी महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी 312 रुपये होती. मनरेगाच्या कायद्यातच तरतूद होती की केंद्र किमान वेतन कायद्याला बाजूला ठेवून वेगळा दर ठरवू शकतं. तेव्हा हा दर दाखवून कुणी ‘सरकारच एवढं देतं’ म्हटलं, तरी ते खाजगी मालकाला लागू असलेलं माप नाही.

गैरसमज : तक्रार करून काही मिळत नाही

तपासणी तोकडी आहे, परभणीला खेटे घालायचे म्हणजे रोज बुडतो, आणि पुढच्या हंगामात काम मिळणार नाही ही भीती खरी आहे. तरी कायदा पूर्वीपेक्षा मजुराच्या बाजूला सरकला आहे. कमी दिलेल्या पैशांबरोबर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. कमी वेतन देणाऱ्याला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, मजुरावर नाही. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत सहा महिने होती, म्हणजे ऊसतोडीहून परत येऊन हिशेब लागेपर्यंत ती संपायची. आता ती तीन वर्षं आहे.

म्हणून कामाला जाणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः बायांनी, एक वही ठेवावी. तारीख, कुणाकडे काम, किती तास किंवा किती किलो, हातात किती पैसे, एवढं रोज लिहावं. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून लिहून घ्यावं. उचलीचा आणि फेडीचा हिशेबही त्यातच ठेवावा. परभणीच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करताना ही वही सोबत न्यावी, आणि अर्ज एकट्याने न करता टोळीने मिळून करावा.