मोबाइलवरचा इतिहास पाखडून घ्या

'खरा इतिहास' म्हणून जातीवरून टोचणारा एक व्हिडिओ आमच्या गटात आला आणि दोघी जणी महिनाभर बोलेनात. तेव्हा आम्ही ठरवलं, दाण्यासारखा इतिहासही पाखडून घ्यायचा.

बोलणारा पुरावा सांगतो का, हे आधी बघा. आपलं वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. हे कशावरून? १९३९ मध्ये इथं ताम्रपट उजेडात आला, वा. वि. मिराशींनी तो वाचला. असा ताम्रपट, शिलालेख, पुस्तक सांगणाऱ्याचं ऐका. मराठी विश्वकोश मोबाइलवर फुकट आहे. त्यात ताडून बघा.

पुरावा नसेल, नुसता राग येत असेल, तर पुढं पाठवू नका. त्या दोघी आता सोबतच ऐकतात.