रामाचे सोबती आणि आपले शेजारी



नाना जमाती एकमेकींशी झुंजत आहेत, देवांचेही दोन पक्ष पडले आहेत आणि अशा धामधुमीत चार-दोन सोबती एका बिकट वाटेने निघाले आहेत, अशा कल्पित जगाच्या गोष्टी तुम्हांला किती प्रिय आहेत, हे शाळेच्या ग्रंथालयातील झिजलेल्या पुस्तकांवरून सहज कळते. टोल्कीन या इंग्रज ग्रंथकाराची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही तीन खंडांची कथा १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली. तीत नऊ सोबती निघतात. त्यांत चार हॉबिट, दोन मानव, एक एल्फ, एक बुटक्यांच्या जातीचा व एक जादूगार असतो. त्यांच्या भाषा निराळ्या, पूर्वजांची वैरे जुनी. तरी काम एक असल्यामुळे ते एकत्र चालतात. अशा कथांत वाचकाचे लक्ष नायकाकडे आधी जाते. परंतु कथेचे खरे ओझे सोबत्यांच्या खांद्यांवर असते, आणि कार्य सिद्धीस गेल्यावर त्या सोबत्यांचे काय झाले, या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या जगाची नीती ओळखता येते. आज याच प्रश्नाचा विचार करू. त्यासाठी परक्या जगात जाण्याचे कारण नाही. अशा सोबत्यांचे वंशज म्हणून स्वतःस ओळखणारे लोक खडवलीच्या आसपासच राहतात.

प्रथम दोन प्राचीन काव्यांकडे पाहू. ग्रीक कवी होमर याच्या ‘इलियड’मध्ये ट्रॉय नगरापुढील युद्धात देवदेवताही उतरतात. हेरा, अथेना व पोसायडन ग्रीकांच्या बाजूने, तर अपोलो, आरेस व ॲफ्रोडाइटी ट्रॉयच्या बाजूने उभी राहतात. त्याच कवीच्या ‘ओडिसी’त ग्रीक वीर ओडिसियस बारा गलबते घेऊन स्वदेशी निघतो. वाटेत त्यांपैकी अकरा गलबते एकाच ठिकाणी नष्ट होतात. शेवटी उरलेले सोबतीही सूर्यदेवाची गुरे मारून खाल्ल्याच्या अपराधामुळे समुद्रात बुडतात. ओडिसियस घरी पोहोचतो तो एकटाच. सोबती आपल्याच मूर्खपणाने मेले, असे कवी आरंभीच सांगून टाकतो, आणि कथा नायकाबरोबर पुढे जाते.

वाल्मीकीच्या रामायणातही देव आणि राक्षस यांचे वैर आहे. मात्र तेथे सोबत्यांचे स्थान निराळे आहे. देव, दानव, यक्ष, नाग इत्यादिकांकडून मरण येऊ नये, असा वर रावणाने मागून घेतला होता. मनुष्यादि प्राण्यांस तो गवताच्या काडीप्रमाणे लेखीत असल्यामुळे त्याने त्यांचे नावच घेतले नाही. जेथे त्याने तुच्छता दाखविली, तेथूनच त्याचा नाश आला. ब्रह्मदेवाने देवांस आज्ञा केली की, तुम्ही वानररूपाने पुत्र उत्पन्न करा. त्याप्रमाणे वायूपासून हनुमान, सूर्यापासून सुग्रीव, विश्वकर्म्यापासून नल असे वीर झाले. म्हणजे जगाने ज्यांना रानातले म्हणून हिणवले, त्यांच्याच अंगी देवांचा अंश होता, असे कवीचे सांगणे आहे.

हे सोबती कामे तरी कोणती करतात? गंगेच्या तीरी निषादांचा राजा गुह रामाला नावेची सोय करून देतो. जटायू हा वृद्ध गृध्र एकटाच रावणाला अडवितो व प्राण देतो. राम त्याचे अंत्यसंस्कार आप्ताप्रमाणे करतो. सीतेचा शोध हनुमान लावतो. समुद्रावर शंभर योजनांचा सेतू नलाच्या देखरेखीखाली वानर बांधतात, आणि त्याचा हिशेबही कवी देतो: पहिल्या दिवशी १४ योजने, दुसऱ्या दिवशी २०, मग २१, २२ आणि पाचव्या दिवशी २३. गणिताच्या तासाला ही बेरीज करून पाहावी. काम रोज वाढत जाते; कारण हात सरावतात आणि उत्साह टिकून राहतो. शिळा वाहणाऱ्या हातांची अशी दखल घेणारे वीरकाव्य क्वचितच आढळेल.

परंतु सर्वांत मोलाचा भाग युद्ध संपल्यानंतरचा आहे. रावण पडला, इंद्र प्रसन्न होऊन रामाला म्हणतो, वर माग. राम स्वतःसाठी राज्य मागत नाही की दीर्घायुष्य मागत नाही. माझ्याकरिता बायकामुलांस सोडून जे वानर आले व मरण पावले, ते उठून उभे राहोत, एवढे तो मागतो. आणि त्यास जोडून आणखी एक मागणे करतो. हे वानर जेथे जेथे राहतील, तेथे ऋतू नसतानाही कंदमुळे, फळे व फुले मिळोत, आणि तेथील नद्या निर्मळ असोत. इंद्र ‘तथास्तु’ म्हणतो. पुढे राम अयोध्येला एकटा परतत नाही. सुग्रीव, विभीषण व वानर यांना विमानात बरोबर नेतो. भरत सुग्रीवास आलिंगन देऊन, तू आम्हां चौघांचा पाचवा भाऊ, असे म्हणतो. ओडिसियसचे परतणे आणि रामाचे परतणे यांतील हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

आता आपल्या परिसराकडे वळू. कल्याण-कसारा लोहमार्गावर टिटवाळा व वासिंद यांच्या मध्ये खडवली हे स्थानक आहे, आणि गावाजवळून भातसा नदी वाहते. कल्याण, शहापूर, मुरबाड, भिवंडी या तालुक्यांत ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी या आदिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत. त्यांपैकी कातकरी किंवा काथोडी हे नाव काथावरून पडले. खैराच्या झाडाच्या गाभ्याचे तुकडे करून ते पाण्यात उकळावयाचे, काढा आटवून दाट करावयाचा आणि थंड झाल्यावर त्याच्या वड्या पाडावयाच्या. विड्याच्या पानात रंग आणतो तो हाच काथ. हा त्यांचा पूर्वापार धंदा होता.

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात या लोकांची एक समजूत नोंदविली आहे. रावणाशी लढावयास रामाने जे वानर बरोबर नेले, त्यांचे आम्ही वंशज. जय मिळाल्यावर रामाने त्या वानरांस आशीर्वाद दिला व ते मनुष्य झाले. तांबूस माकडाच्या ठायी मनुष्याचा जीव असतो, या श्रद्धेने ते त्याला मारीत नाहीत, असेही तेथे म्हटले आहे. त्याच ग्रंथात कातकऱ्यांविषयी कठोर व अनुदार शब्दही पुष्कळ आहेत. परंतु ही कथा त्या शब्दांपेक्षा अधिक बोलकी आहे.

येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. काव्य म्हणजे इतिहास नव्हे. रामायणातील वानर म्हणजे अमुक एक जमात होय, असे कित्येकांनी तर्क केले आहेत. परंतु त्यांस पुराव्याचे बळ नाही. तेव्हा कोणी या कथेचा आधार घेऊन एखाद्या मुलास ‘माकड’ म्हणून चिडवील, तर तो कथेचा अर्थ उलटा करीत आहे असे समजावे. कथा सांगणाऱ्याचा भर पूर्वजांच्या शेपटीवर नाही. त्याचा भर सोबतीवर आहे. देव आणि राक्षस झुंजत होते, राजपुत्र वनवासी झाला होता, नगरातले कोणी त्याच्या पाठीशी नव्हते. तेव्हा आमची माणसे उभी राहिली, असे तो सांगत असतो. प्रत्येक कुळाला आपण कोण, हे सांगणारी एखादी गोष्ट लागते. कोणी आपले मूळ ऋषीशी जोडतो, कोणी राजाशी. कातकऱ्यांनी आपले मूळ सोबत्याशी जोडले, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

ही सोबत केवळ पुराणातली नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला. तेथील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी याचे नाव आहे. शेतकरी, कोळी, आगरी यांच्याबरोबर तोही आपल्या रानाच्या हक्कासाठी पुढे झाला होता.

परंतु युद्धानंतर सोबत्यांस काय मिळाले? १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राने राखीव होत गेली, खैर तोडण्यास मनाई झाली आणि काथाचा धंदा बसत गेला. बहुतेकांपाशी स्वतःची जमीन नव्हती. कित्येकांच्या झोपड्यांखालची जागाही दुसऱ्याच्या नावावर होती. मग शेतमजुरी, कोळसा पाडणे, मासे व खेकडे धरणे आणि सरतेशेवटी वीटभट्टी. पावसाळ्यात हाती पैसा नसतो, म्हणून भट्टीमालकाकडून आगाऊ उचल घ्यावयाची आणि दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर जावयाचे. तेथे आठवड्याला खर्ची मिळते, विटांचा हिशेब हजारांवर होतो, आणि पावसाच्या तोंडावर उचल फिटली नाही असे कळले, तर पुढचे वर्षही गहाण पडते. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. तरी त्यानंतरही या जिल्ह्यात वेठीला बांधलेली कुटुंबे सोडवावी लागली आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर त्यांची गणना राज्यातील तीन विशेष दुर्बल जमातींत होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावरील त्यांचा हक्क मान्य केला आहे. तो कागदावरून वाडीपर्यंत पोहोचविण्यास सुशिक्षित साह्यकर्ते लागतात.

या स्थलांतरात पहिला घाव शिक्षणावर पडतो. जूनमध्ये पटावर असलेले मूल दिवाळीच्या सुटीनंतर वर्गात दिसत नाही. ते भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळीत असते किंवा कच्च्या विटा उलथीत असते. ‘भोंगा’ म्हणजे भट्टीवरील पेंढ्यागवताची झोपडी. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांच्या जागीच भोंगाशाळा चालविल्या, त्या याच कारणास्तव. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यामागील सरळ विचार होय.

आता रामाने मागितलेला वर पुन्हा आठवा. कंदमुळे, फळे आणि निर्मळ नद्या. मृगाचा पाऊस पडला की आदिवासी स्त्रिया शेवळाच्या जुड्या व सोबत काकडे घेऊन कल्याणच्या बाजारात बसतात. उन्हाळ्यात करवंदे व जांभळे पानांच्या द्रोणांतून विकतात. रानातली ती कंदफळे आपल्यापर्यंत पोहोचविणारे हात त्यांचेच आहेत. भातसेचे पाणी शहापूर तालुक्यातील धरणातून मुंबईपर्यंत जाते आणि लक्षावधी घरांत नळाने येते. पण रानातल्या वाडीवरील बाईला हंडा घेऊन किती चालावे लागते, हे उन्हाळ्यात कोणीही पाहू शकेल. याच नदीवर खडवलीस सुटीच्या दिवशी लोक मौजेसाठी येतात आणि बाटल्या, पत्रावळी व उष्टे तेथेच टाकून जातात. ज्या पाण्यात कोणी कातकरी खेकडे धरून घरच्यांची सांज भागवितो, ते पाणी गढूळ करणे म्हणजे सोबत्यांसाठी मागितलेला वर आपल्या हाताने मोडणे होय.

वर देणे देवाच्या हाती असेल. तो पाळणे मात्र माणसाच्या हाती आहे. सूज्ञ पालकांना माझी विनंती आहे की, घर बांधताना विटांचा भाव विचारतो, तद्वत त्या विटा पाडणाऱ्याला मजुरी मिळाली की नाही, हेही विचारावे. शेवळाच्या जुडीला दोन-चार रुपयांसाठी घासाघीस करू नये. आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे की, ‘कातकरी’ हा शब्द कोणालाही शिवी म्हणून वापरू नका. वर्गात एखादे कातकरी मूल उशिरा आले, अर्ध्या वर्षाने आले किंवा आपल्या बोलीत बोलले, तर त्याच्यासाठी बाकावर सरकून जागा करा आणि मागे राहिलेला धडा त्याला आपल्या वहीतून दाखवा. भरताने सुग्रीवास पाचवा भाऊ म्हटले, तेव्हा सुग्रीवाची परीक्षा होऊन गेली होती. आता परीक्षा अयोध्येची होती, आणि आपणही अयोध्येच्याच बाजूला उभे आहोत.