गालिचा, पाणी आणि फेस

आमच्या संस्थेच्या व्याख्यानगृहात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेला होता. एका जुलै महिन्यात परिषद तोंडावर आली म्हणून तो धुऊन घ्यायचे आम्ही ठरवले. भाड्याने यंत्र आणले, शाम्पू आणला आणि डाग जुने आहेत म्हणून बाटलीवरच्या प्रमाणापेक्षा दुप्पट घातला. पहिल्या तासात गालिच्याचा मूळ रंग दिसू लागला. दुसऱ्या तासात यंत्राच्या मोटारीतून फेस बाहेर आला आणि यंत्र बंद पडले. तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटला. चौथ्या दिवशी सांध्यांलगत तपकिरी रेघा उमटल्या. आमच्या एका तंत्रज्ञांना दम्याचा त्रास होता. त्यांना तर त्या खोलीत पाऊल टाकता येईना. परिषद दुसरीकडे भरवावी लागली. दिवाळीपर्यंत दारापासून व्यासपीठापर्यंतची वाट धुण्यापूर्वी होती त्याहून काळी झाली. हे सारे रसायनशास्त्र शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखाली घडले, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

शाळांतील संगणक कक्षांत आणि दृक्‌श्राव्य दालनांत आता गालिचे दिसतात, आणि त्यांच्या सफाईचे काम बहुधा विज्ञानशिक्षकांच्याच गळ्यात येते. म्हणून आमचे काय चुकले ते क्रमाने पाहू. त्यात भौतिकशास्त्र बरेच आहे.

गालिच्यातील घाणीचा मोठा भाग कोरडा असतो: माती, वाळू, कातडीचे कोंडे, धागे. वाळूचे कण म्हणजे क्वार्ट्‌झ. मोह्‌सच्या श्रेणीत त्याची कठीणता ७ आहे. पायाखाली हे कण लवेच्या बुडाशी जातात आणि प्रत्येक पावलागणिक तंतूंना करवतीसारखे कापतात. म्हणजे कोरडी धूळ काढणे हे शोभेचे काम नाही. गालिच्याचे आयुष्य त्यावर ठरते. शिवाय वाळू न काढता पाणी ओतले, तर आपण गालिच्यात चिखल तयार करतो. आमची पहिली चूक ही. घाईत आम्ही कोरडी सफाई केलीच नाही.

धूळ ओढून घेण्याची कल्पना ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याची. १९०१ साली लंडनमध्ये त्याने एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र हवा फुंकून धूळ उडवीत असे. फुंकण्याऐवजी ओढले तर, असे त्याच्या मनात आले. त्याने आसनावर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचे वर्तुळ उमटले. त्याचे यंत्र घोड्यांच्या गाडीवरून दारात येई आणि त्याच्या लांब नळ्या खिडकीतून घरात सोडत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे या यंत्राने साफ केले गेले. हातात धरता येईल असे, फिरता ब्रश असलेले विजेचे यंत्र अमेरिकेत जेम्स मरे स्पँगलर याने बनवले. तो ओहायोतील एका दुकानात झाडलोट करी, आणि त्याला दमा होता. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढे ते हूव्हर कुटुंबाने विकत घेतले.

‘व्हॅक्यूम’ हा शब्द मात्र अतिशयोक्तीचा आहे. चांगल्या घरगुती यंत्राची नळी पूर्ण बंद केली, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे २०,००० पास्कलने, म्हणजे वातावरणाच्या एकपंचमांशाने कमी होतो. २०,००० ला पाण्याची घनता १००० आणि गुरुत्वत्वरण ९.८ यांनी भागले की २ मीटर येतात. एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ हे यंत्र उचलू शकते. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून तीन मीटरांची पारदर्शक नळी खाली रंगीत पाण्याच्या बादलीत सोडून हे मुलांना दाखवता येईल. मात्र यंत्र ओले-कोरडे अशा दुहेरी कामाचेच हवे. साध्या यंत्रात पाणी मोटारीपर्यंत पोचले तर विजेचा धक्का बसू शकतो.

पण नुसत्या ओढीने धूळ निघत नाही. कण वाहून नेते ती वेगाने जाणारी हवा. नळी पूर्ण बंद असता ओढ सर्वाधिक आणि प्रवाह शून्य. नळी मोकळी असता प्रवाह सर्वाधिक आणि ओढ अगदी थोडी. दोहोंचा गुणाकार मधेच कोठेतरी जास्तीत जास्त होतो. जाहिरातीत मोटारीचे वॅट ठळक छापतात, पण ती यंत्राने खाल्लेली वीज. केलेले काम नव्हे. पिशवी भरत आली, जाळीवर लोकरीचे थर बसले की प्रवाह घटतो आणि तेच यंत्र निम्म्या कामाचे उरते.

येथे वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. नळीच्या तोंडावर तळहात ठेवला की मोटारीचा आवाज चढतो. मोटारीवरचा भार वाढला की घटला? बहुतेक मुले ‘वाढला’ म्हणतात. मोठी माणसेही तेच म्हणतात. प्रत्यक्षात हवा वाहायची थांबली की पंख्याला ढकलायला काही उरत नाही, भार घटतो, म्हणून मोटार अधिक वेगाने फिरते. मंडलात ॲमीटर असेल तर विद्युतधारा कमी झालेली दिसेल. तरीही तुंबलेले यंत्र जळते, कारण साध्या यंत्रात मोटार थंड ठेवण्याचे काम हीच हवा करते. ओल्या कामाच्या यंत्रात मोटारीला थंड हवा वेगळ्या वाटेने देतात. पाण्याचे तुषार वेटोळ्यांपर्यंत जाऊ नयेत हा त्यातला हेतू.

बाहेर पडणारी हवा हाही विचारात घेण्याचा भाग आहे. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ पुन्हा खोलीत येते. धुळीतल्या माइट या सूक्ष्म जीवांच्या विष्ठेचे कण, जे दम्याला कारण होतात, तेही त्यात असतात. ‘हेपा’ प्रतीची गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. ०.३ च का? याहून मोठे कण वळणावर न वळता तंतूंवर आदळतात. याहून लहान कण ब्राउनीय गतीने इकडेतिकडे भरकटत तंतूंना चिकटतात. मधल्या आकाराचे कण दोन्ही सापळ्यांतून सर्वांत सहज निसटतात, म्हणून परीक्षा त्यांच्यावर घ्यायची. यंत्र घेण्यापूर्वी हवा बाहेर पडते तेथे पांढरे ओले फडके धरावे. पाच मिनिटांनी फडके काय सांगते ते पाहावे.

आता पाण्याकडे वळू. व्यावसायिक सफाईत ‘स्टीम’ म्हणतात, पण त्यात वाफ नसते. गरम द्रावण दाबाने लवेत फवारतात आणि त्याच क्षणी शेजारच्या फटीतून ओढून घेतात. पंपाचा दाब सामान्यतः वातावरणाच्या ७ ते ३५ पट असतो. पंपाच्या आकड्याला विक्रेते फार महत्त्व देतात. आमच्या मते महत्त्व परत ओढलेल्या पाण्याला द्यावे. टाकीत मोजून १० लिटर घाला, फवारा आणि मळक्या पाण्याच्या टाकीत किती परत आले ते मोजा. ज्या यंत्राचा विक्रेता ही परीक्षा करू देत नाही ते घेऊ नये.

राहिलेल्या पाण्याचे काय होते? समजा, खोली १०० घनमीटरांची आहे, गालिचा ३० चौरस मीटरांचा, दर चौरस मीटरला एक लिटर पाणी फवारले आणि पाचातील चार भाग परत आले. सहा लिटर गालिच्यात उरले. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. फेब्रुवारीत सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल, तर त्या खोलीतील हवा आणखी १८०० ग्रॅम पाणी घेऊ शकते. खोलीतली हवा तीन-चार वेळा बदलली की हिशेबाने गालिचा सुकावा. जुलैत आर्द्रता ९० टक्के. जागा उरली ३०० ग्रॅमांची. हवा निदान वीस वेळा बदलायला हवी, आणि बाहेरून येते ती हवाही तशीच दमट. बंद खोलीत पंखा लावून तर काहीच साधत नाही, कारण तीच भरलेली हवा फिरत राहते. आम्ही नेमके तेच केले होते, रात्रभर. तोवर बुरशीने आपले काम सुरू केले. पावसाळ्यात गालिचा ओला करणे भागच पडले, तर हवेतील बाष्प काढून घेणारे यंत्र किंवा वातानुकूलन हाताशी हवे. कोकणातल्या एखाद्या शाळेने आम्हांला विचारले, तर आम्ही फरशी आणि सतरंजी सुचवू. सतरंजी उचलून उन्हात टाकता येते.

तपकिरी रेघांचे कारण केशाकर्षण. आमच्या गालिच्याला खालून तागाचे अस्तर होते. तागातील रंगीत द्रव्ये अल्कधर्मी पाण्यात विरघळतात. गालिचा सुकतो तो लवेच्या टोकाशी. तेथून पाणी उडते आणि खालचे पाणी दिव्यातील तेलासारखे तंतूंमधून वर चढते. येताना रंग घेऊन येते आणि तो टोकाशी सोडून जाते. पुसलेला जुना डाग दोन दिवसांनी परत ‘उगवतो’ तोही असाच. उपाय दोन: पाणी कमी वापरणे, आणि शेवटी सौम्य सायट्रिक आम्लाच्या पाण्याने धुऊन सामू खाली आणणे.

सामूचे प्रकरण तंतूवर अवलंबून आहे. पायांखालची घाण बव्हंशी तेलकट, म्हणून अल्कधर्मी द्रावण तिच्यावर चांगले चालते. नायलॉनला सामू १० पर्यंत सहसा सोसतो. लोकर म्हणजे केरॅटीन, प्रथिन, तिला ५.५ ते ८.५ च्या बाहेर नेऊ नये. भदोही-मिर्झापूरकडचा हाताने गाठी मारलेला लोकरी गालिचा कपड्यांच्या पावडरीने धुणे म्हणजे त्याचा घात करणे. पावडरीत सोडा असतो, कपडे उजळ दाखवणारी द्रव्ये असतात, आणि पुष्कळदा प्रथिने पचवणारी विकरेही असतात. ती अंड्याचा डाग आणि लोकर यांत भेद करीत नाहीत. अशा गालिच्यावर फिरता ब्रशही काठाजवळ नेऊ नये. त्याची झालर वेगळी शिवलेली नसते; ती ताण्याच्याच धाग्यांची टोके असतात.

तंतू ओळखण्यासाठी एक-दोन धागे कोपऱ्यातून काढून जाळून पाहावेत. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ताग किंवा कापसाला कागद जळल्याचा. नायलॉन वितळून कडक मणी होतो. पॉलिप्रॉपिलिनचा धागा शाम्पूचा थेंब घातलेल्या पाण्यात तरंगतो, नायलॉन व पॉलिएस्टर बुडतात. परीक्षानळीत लोकरीचा धागा व सुती धागा घेऊन त्यांवर ताजे सोडियम हायपोक्लोराइट ओतावे. लोकर हळूहळू विरघळून नाहीशी होते, सुती धागा राहतो. प्रयोग शिक्षकांनीच, खिडकीजवळ आणि चष्मा लावून करावा. त्यात आम्ल कदापि मिसळू नये. क्लोरीन वायू सुटतो.

आपल्याकडचा खास डाग हळदीचा. साबण लावला की तो लाल होतो आणि यजमानांचा धीर सुटतो. हळद हा दर्शक आहे, दुसरे काही नाही. सौम्य आम्लाने ती परत पिवळी होते. रंग खऱ्या अर्थाने उडवते ते ऊन.

राहिला फेस. अपमार्जकाचे रेणू पाण्यात एका ठरावीक संहतीपर्यंत सुटे असतात. त्यापुढे घातलेले रेणू एकत्र येऊन गोळे बनवतात. सोडियम लॉरिल सल्फेटसाठी ही सीमा शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे २.३ ग्रॅम आहे. हे गोळे तेल पोटात घेतात, म्हणून सीमेच्या थोडे वर जाणे लाभाचे. पण पृष्ठीय ताण त्यापुढे उतरत नाही. जादा माल फक्त फेस करतो आणि गालिच्यात उरतो. मळक्या पाण्याच्या टाकीत एक तरंगता चेंडू असतो. पाणी वर आले की तो हवेची वाट बंद करतो. फेस एवढा हलका की चेंडू उचलला जात नाही. फेस त्याला वळसा घालून पंख्यापर्यंत जातो. आमचे यंत्र असे गेले. टाकीत चमचाभर फेसनाशक टाकले असते तरी वाचले असते.

आणि गालिच्यात उरलेला शाम्पू सुकून चिकट थर होतो. प्रत्येक बूट त्यावर धूळ चिकटवून जातो. ती काळी वाट अशी तयार झाली. कोणताही शाम्पू घेण्यापूर्वी, सांगितल्या प्रमाणात पातळ करून, चमचाभर काचेच्या बशीत सुकू द्यावा. खरवडल्यावर कोरडी भुकटी निघाली तर घ्यावा; बोटाला चिकटला तर दुकानदाराला परत करावा. या परीक्षेला खर्च काही नाही, आणि किमतीशी तिच्या निकालाचा फारसा संबंध नसतो असे आम्हांला आढळले.

यंत्र स्वतःचे असेल तर काम संपल्यावर दोन्ही टाक्या रिकाम्या करून उघड्या ठेवाव्यात, आणि पंपातून पाच लिटर स्वच्छ पाणी सोडावे. विहिरीचे किंवा बोअरचे कठीण पाणी असेल तेथे तोट्यांत व तापकात कॅल्शियम कार्बोनेट साचते. फवारा एका बाजूला झुकू लागला की ते ओळखावे. सायट्रिक आम्लाचे कोमट द्रावण अर्धा तास आत ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. टाचणीने तोटी कोरू नये. छिद्र मोठे होते, आणि मग तेच यंत्र गालिच्यात दीडपट पाणी सोडते.

व्याख्यानगृहात आता फरशी आहे. दारात मात्र दोन मीटर लांबीचे पायपुसणे टाकले आहे; ते रोज झाडतात, आणि दर शनिवारी त्यातून निघालेली वाळू आमचे तंत्रज्ञ वजन करून वहीत लिहितात.