ह्युएन त्संगच्या वाटेनं अजिंठा

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरहून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर. जालना रोडला लागायचं, सिडको बसस्थानकापाशी जळगाव रोडला वळायचं, मग हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड. अजिंठ्याचा घाट उतरला की फर्दापूरचा तिठा लागतो. गाडी तिथेच ठेवून पुढचे चारेक किलोमीटर बसनं जायचं. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं ध्यानात ठेवायचं. पोहोचण्याची तयारी एवढीच. काय पाहायचं आणि कसं, ही तयारी मात्र मोठी आहे, आणि तिच्यासाठी सातव्या शतकातला एक चिनी भिक्खू फार कामाचा आहे.

ह्युएन त्संग 641च्या सुमारास महाराष्ट्रात होता. राज्य होतं दुसऱ्या पुलकेशीचं. मायदेशी परतल्यावर, 646 साली पूर्ण झालेल्या प्रवासवृत्तात त्यानं या राज्याच्या पूर्व सीमेवरच्या एका डोंगराबद्दल लिहिलं. उंच कडे, अंधारी दरी आणि त्या दरीत कोरलेला विहार. भिंतींवर बोधिसत्त्वाच्या जीवनातले प्रसंग, दाराबाहेर डाव्या-उजव्या बाजूला दगडी हत्ती. हे वर्णन अजिंठ्याचंच, असं अभ्यासक मानतात. त्यात सत्तर फुटी बुद्धमूर्ती आहे, तिच्यावर आधाराविना तरंगणारी सात छत्रं आहेत, आणि असलं काही अजिंठ्यात नाही. म्हणूनच तो स्वतः तिथे गेला नसावा, कुणाकडून ऐकून त्यानं लिहिलं असावं, असं अनेकांना वाटतं. मला यातच खरं नवल वाटतं. राजाश्रय आटून दीडशेहून अधिक वर्षं लोटली होती, तरी वाघोरा नदीच्या काठच्या त्या दरीची कीर्ती अशी होती की परक्या देशातल्या प्रवाशाच्या कानी ती पोहोचली.

तर त्याचं वर्णन हाती धरून निघू. हत्ती आजही आहेत. आपण हल्ली तिकीट काढून पहिल्या लेण्यापासून सुरुवात करतो, पण मूळ वाट खालून, नदीतून होती. लेण्यांना पात्रातून वर येणारे आपापले जिने होते. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी दाराच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकलेले हत्ती दिसतात, आत शिरलं की नागराज बसलेला आहे. हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं कोरवलं. आधी या हत्तींपाशी जा, असं मी आग्रहानं सांगेन. तिथून मान वर केली की दरीचा अर्धगोल आणि तिची भव्यता एकदम कळते.

मग चोविसावं लेणं. ते अपुरं आहे म्हणून लोक पुढे निघून जातात, आणि इथेच काम कसं चाले हे समजतं. शिल्पी कड्यात आधी छताच्या उंचीवर शिरत आणि तिथून खाली खोदत येत, त्यामुळे परांची बांधावीच लागत नसे. बेसॉल्ट हा ज्वालामुखीच्या लाव्हाचा कठीण दगड. त्यात चुकीला माफी नाही, कारण काढलेला दगड परत बसवता येत नाही.

भिंत तयार झाली की मातीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि कोरड्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात खललेले रंग. हिरवा रंग याच दख्खनच्या कातळातल्या खनिजाचा. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला लाजवर्द. ह्युएन त्संग परतीच्या वाटेवर याच बदख्शानातून गेला! पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि सतराव्या लेण्यातल्या जातककथा बघताना हा निळा शोधा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मोबाइल खिशात राहू द्या.

आता चीनकडे वळू. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीनुसार अजिंठ्याचा दुसरा बहर साधारण 460 ते 480 या वीसेक वर्षांतला. आणि 460 सालीच उत्तर वेई राजवटीत तान याओ या भिक्खूच्या देखरेखीखाली दातोंगजवळ युनगांगची लेणी कोरायला सुरुवात झाली. तिथला दगड वालुकाश्म, तुलनेनं मऊ. उघड्यावरची बसलेली बुद्धमूर्ती सुमारे 14 मीटर उंच. हजारो किलोमीटर दूर, एकमेकांच्या हातोड्यांचा आवाज कानावर न येता, दोन डोंगर एकाच पिढीत बुद्धासाठी पोखरले जात होते. तुनहुआंगची मोगाव लेणी तर त्याआधी, 366 पासूनची. कधी चीनला जाण्याचा योग आला तर या दोन्ही जागा यादीत असू द्या. अजिंठा नीट पाहिलेल्याला तिथे परकं वाटणार नाही.

लांब जायच्या आधी एक संध्याकाळ आपल्या शहरातल्याच औरंगाबाद लेण्यांना द्या. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, विद्यापीठाच्या वर. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेले माणसाएवढे भक्त आहेत, प्रत्येकाचा चेहरा निराळा, केशरचना निराळी. देवांच्या मूर्ती पाहिलेल्या आपल्याला इथे त्या काळची माणसं भेटतात.

अजिंठ्यात शेवटी सव्विसावं लेणं ठेवा. डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीचं महापरिनिर्वाण आहे. ते सगळे पाहतात. तिथला संस्कृत शिलालेखही पाहा. तो बुद्धभद्र या भिक्खूनं कोरवलेला आहे. त्यात अचल नावाच्या स्थविरानं शास्त्यासाठी, म्हणजे बुद्धासाठी, डोंगरात निवास केल्याचा उल्लेख आहे. आणि ह्युएन त्संगनं ऐकलेल्या गोष्टीत तो विहार बांधणाऱ्या अर्हताचं नाव होतं आचार. चिनी लिपीतून गेलेलं हे नाव म्हणजे अचलच, असं अभ्यासक सांगतात. मूर्तीची उंची आणि छत्रांची संख्या सांगणाऱ्यांच्या तोंडी फुगत गेली असेल, पण एका भिक्खूचं नाव दीडशे वर्षांच्या ऐकीव गोष्टींतून वाट काढत चिनी ग्रंथात जाऊन बसलं, आणि त्याचा पुरावा आजही सव्विसाव्या लेण्यात दगडावर वाचता येतो.