शिक्षकाचे सखोल अध्ययन आणि कॅपस्टोन प्रकल्प

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची सांगता कॅपस्टोन प्रकल्पाने होते. अध्ययनाचे मानसशास्त्र, अध्यापनपद्धती, मूल्यमापन आणि विषयज्ञान अशा वेगवेगळ्या विषयांत जे शिकून झाले, ते एकत्र आणून विद्यार्थ्याने वर्गातील किंवा शाळेतील एखाद्या खऱ्या प्रश्नावर करावयाचे काम म्हणजे कॅपस्टोन. हा विद्यार्थी पुष्कळदा नोकरीत असलेला शिक्षकच असतो. प्रबंधाचा भर संशोधनातून निष्कर्ष मांडण्यावर असतो, तर कॅपस्टोनचा भर मिळवलेले ज्ञान कामात उतरवून दाखवण्यावर असतो. या प्रकल्पासाठी ‘सखोल अध्ययन’ हा विषय निवडला, की एक अवघड प्रश्न उभा राहतो : सखोल अध्ययनाचे वर्णन करणारा प्रकल्प स्वतः मात्र वरवरच्या अध्ययनातून तयार झालेला असू शकतो काय?

सखोल आणि वरवरचे अध्ययन हा भेद स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठाच्या फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी १९७६ मध्ये मांडला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचण्यास देऊन, त्यांनी तो कोणत्या रीतीने वाचला याचा शोध घेतला असता असे आढळले, की काही जण विचारले जातील अशी वाक्ये आणि तपशील स्मरणात साठवण्याची धडपड करत होते, तर काही जण लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे याचा माग घेत होते. त्यांच्या अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही तितकाच मोलाचा आहे. विद्यार्थी कोणत्या पद्धतीने शिकतो हे त्याच्या स्वभावावर कायमचे कोरलेले नसते. आपल्याला काय विचारले जाणार आहे, याच्या अपेक्षेप्रमाणे ती पद्धत बदलते. म्हणूनच पृष्ठसंख्या, संदर्भांची यादी आणि ठरीव प्रकरणे यांवरच गुण देणारी व्यवस्था कष्टाळू शिक्षकालाही वरवरच्या अध्ययनाकडे ढकलते.

२०१० च्या सुमारास ह्युलेट फाउंडेशन या संस्थेने शालेय शिक्षणासाठी ‘डीपर लर्निंग’ ही संकल्पना पुढे आणली. तिच्यात विषयातील गाभ्याच्या ज्ञानावर प्रभुत्व, चिकित्सक विचार, सहकार्य, संवाद, शिकायचे कसे हे शिकणे आणि आपण शिकू शकतो हा विश्वास यांचा समावेश होतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ च्या अहवालात तिचा गाभा अधिक नेमका केला : एका प्रसंगात शिकलेले नव्या प्रसंगात वापरता येणे, म्हणजेच अध्ययनाचे संक्रमण, ही सखोल अध्ययनाची ओळख होय. गटकार्य, आकर्षक तक्ते किंवा संगणकाचा वापर यांमुळे अध्ययन आपोआप सखोल होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

प्रकल्पाची आखणी करताना या विचाराची खरी परीक्षा होते. पाचवीला गणित शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने अपूर्णांकांवरील घटक कॅपस्टोनसाठी निवडला, असे समजू. पहिल्या आराखड्यात बहुधा खेळ, कागदाच्या घड्या आणि कृतिपत्रिका यांचीच गर्दी होते, कारण उपक्रम सुचणे सोपे असते. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ च्या ‘अंडरस्टँडिंग बाय डिझाइन’ या ग्रंथात याच्या उलट क्रम सुचवला : आधी कोणते आकलन अपेक्षित आहे ते ठरवावे, मग ते झाल्याचा पुरावा कोणता मानायचा ते निश्चित करावे आणि उपक्रमांचा विचार शेवटी करावा. या क्रमाने गेल्यावर त्या शिक्षिकेला आधी हे पाहावे लागते, की आठ हे चारपेक्षा मोठे म्हणून एक-अष्टमांश हा एक-चतुर्थांशापेक्षा मोठा, असे अनेक मुलांना का वाटते. पूर्ण संख्यांचा नियम मुले अपूर्णांकांनाही लावतात, हे उमगले की छेद वाढतो तसा प्रत्येक भाग लहान का होतो, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत आणि न पाहिलेल्या उदाहरणावर समजावून सांगणे हा पुरावा ठरतो. मग पहिल्या आराखड्यातील कितीतरी उपक्रम गळून पडतात आणि उरतात ते या आकलनाला थेट भिडणारे.

हे गळून पडणे म्हणजेच चिंतनाचे फळ. विचाराची सुरुवात अडचणीतून, मनाच्या संभ्रमातून होते, असे जॉन ड्युई यांनी १९१० मध्ये ‘हाऊ वी थिंक’ या पुस्तकात प्रतिपादन केले. तर डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम चालू असताना केलेले चिंतन आणि काम झाल्यावर केलेले चिंतन असा भेद दाखवला. कॅपस्टोनमध्ये दुसऱ्या प्रकारचे चिंतन शेवटच्या प्रकरणात सहज लिहिले जाते. पहिल्या प्रकारासाठी मात्र कच्चे आराखडे, सहकाऱ्यांची टीका आणि त्यानंतरची दुरुस्ती यांना आखणीतच जागा ठेवावी लागते. ही टीका सद्भावनेची, नेमकी आणि उपयोगी असावी, हा शिक्षक रॉन बर्गर यांचा आग्रह येथे मार्गदर्शक ठरतो.

जल मेहता आणि सारा फाइन यांनी अमेरिकेतील माध्यमिक शाळांचा अभ्यास करून २०१९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात असे नोंदवले, की सखोल अध्ययन मुख्य विषयांच्या तासांपेक्षा नाटक, वादविवाद आणि ऐच्छिक विषयांत अधिक आढळते. तेथे मुले काहीतरी खरे घडवत असतात, ते इतरांसमोर मांडतात आणि त्यात स्वतःला ओळखू लागतात. प्रभुत्व, अस्मिता आणि सर्जनशीलता यांचा हा संगम शिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणात नसेल, तर तो त्याच्या वर्गात उतरण्याची शक्यता कमी असते.

महाराष्ट्रातील एम.एड. अभ्यासक्रमालाही हा विचार लागू पडतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात लघुप्रबंधाला स्थान आहे. त्या दोन वर्षांचा उपयोग जुन्या प्रबंधांचा साचा गिरवण्यासाठी होऊ नये. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याकडे विषयाच्या शीर्षकाआधी त्याच्या वर्गातील न सुटलेला प्रश्न मागावा, पहिला आराखडा अंतिम मानू नये आणि शिक्षकाचे स्वतःचे आकलन कोठे व कसे बदलले याला गुणदानात मानाचे स्थान द्यावे.