जर्सीवरचं जिल्ह्याचं नाव

माझा भाचा ऑकलंडला असतो. तिथल्या प्रांतिक रग्बीचा त्याला नाद लागलाय. शनिवार-रविवारी फोन आला की विषय ठरलेला. कुठला प्रांत कुणाच्या घरी खेळायला गेलाय आणि रॅनफर्ली ढाल कुणाकडं आहे. न्यूझीलंडच्या गव्हर्नरनं ही ढाल 1902 मध्ये दिली आणि 1904 पासून तिच्यासाठी आव्हानाचे सामने होतात. ढाल ज्या प्रांताकडं आहे त्यानं ती आपल्या मैदानावर राखायची. जो येऊन हरवेल तो ती उचलून घरी नेणार. लाकडाची आहे म्हणून लोक तिला प्रेमानं ओंडका म्हणतात. "मामा, इथं माणसं देशापेक्षा प्रांतासाठी जास्त ओरडतात," भाचा सांगतो. इकडं मराठवाड्यात, पुंडलिकनगरातल्या गच्चीवर फोन कानाला लावून मी हे ऐकतो आणि मनात म्हणतो, पोरा, हे मला वेगळं काय सांगायचं? तीस वर्षं मी जिल्ह्यांची कबड्डी बघतोय.

राज्य अजिंक्यपद कबड्डी स्पर्धेत संघ उतरतात ते जिल्ह्यांचे. शहरातली मंडळं, बँका, कंपन्या यांचे खेळाडू एरवी आपापल्या संघातून एकमेकांविरुद्ध खेळतात. इथं मात्र ते एकाच जर्सीत येतात आणि त्या जर्सीवर जिल्ह्याचं नाव असतं. विदर्भाची संघटना वेगळी, त्यामुळं तिकडचे जिल्हे इथं नसतात. बाकी कोकणापासून नांदेडपर्यंत सगळे. आधी गटवार साखळी, मग बाद फेरी, रविवारी रात्री अंतिम सामना. ही स्पर्धा निवड चाचणीही असते. राष्ट्रीय स्पर्धेला जाणारा महाराष्ट्राचा संघ इथूनच निवडला जातो. म्हणून इथं एकाच वेळी दोन खेळ चालतात. एक फलकावर दिसतो. दुसरा निवड समितीच्या वह्यांत चाललेला असतो, आणि मुरलेला प्रेक्षक दोन्हींवर डोळा ठेवतो.

आमचा जिल्हा या स्पर्धेत जेतेपदासाठी ओळखला जात नाही. मुंबई, ठाणे, पुणे, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी ही नावं मोठी. गिरणगावातल्या चाळींनी आणि कृष्णाकाठच्या गावांनी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या पोसला, तेवढा वारसा मराठवाड्याकडं नाही. तरी शुक्रवारी रात्री मी एसटीत बसतोच. माझ्या बाजूचा संघ शनिवारी दुपारी हरण्याची शक्यता मोठी आहे, हे मला निघतानाच माहीत असतं. आणि म्हणूनच जायचं. हरणाऱ्या संघाला गावचा एक तरी आवाज लागतो.

सकाळी आधी वजनं होतात. वरिष्ठ पुरुष गटात 85 किलोंच्या वर वजन चालत नाही, महिलांत 75. एखादा उंचापुरा गडी भल्या पहाटे मैदानाला फेऱ्या मारताना दिसला, अंगात दोन स्वेटर, तोंड सुकलेलं, तर समजावं की काट्यावर तीनशे-चारशे ग्रॅमचा प्रश्न आहे. वजन झालं की तोच गडी केळी घेऊन पायरीवर बसतो आणि एकामागून एक सहा केळी संपवतो. तेव्हा त्याच्याशी कुणी बोलू नये.

आता सामना कसा बघायचा ते सांगतो, कारण दूरचित्रवाणीनं आपली नजर बिघडवली आहे. कॅमेरा चढाई करणाऱ्याच्या मागं धावतो. मैदानाकाठी बसल्यावर मात्र बचावाकडं बघायचं असतं. हे मला एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी शिकवलं. परभणीकडचे होते, शेजारी बसले होते. मी हात वर करून ओरडत होतो. ते म्हणाले, "आहो, त्याच्या हाताकडं काय बघताय, कोपऱ्यातल्याच्या पायाकडं बघा."

तेव्हापासून मी डाव्या कोपऱ्यातल्या गड्याच्या पायाकडं बघतो. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. प्रत्येक संघाला त्यातलं निम्मं. त्या साडेसहा मीटरमध्ये सात जण हातांची साखळी करून मागंपुढं सरकतात. चढाई करणारा कबड्डी कबड्डी म्हणत आत आला की त्याच्याकडं तीस सेकंद असतात. समोर सहा किंवा सात गडी असतील तर त्याला बोनस रेषेचं आमिष असतं. एक पाय रेषेच्या पलीकडं टेकवायचा आणि त्याच वेळी मागचा पाय जमिनीपासून उचललेला हवा. हा एक क्षण असा आहे की चढाईपटू एका पायावर उभा असतो. कोपरारक्षक त्याचीच वाट बघत असतो. त्याच्या टाचा आधीच उचललेल्या असतात, गुडघे वाकलेले, नजर खाली. पाय रेषेपलीकडं टेकला रे टेकला की तो घोट्यावर झेप घेतो. जुनी माणसं घोटा धरला म्हणतात, पोरं अँकल होल्ड म्हणतात. लगेच मधले दोघे कमरेवर आदळतात आणि माणसांचा ढीग होतो. ढिगाखालून एक हात मध्यरेषेकडं सरकत असतो, बोटं मॅटवर ओरखडे काढत. पंच पोटावर झोपून त्या बोटांकडं बघत असतो. बोट रेषेला लागलं तर पकड फुकट, आणि धरणारे सगळेच बाद.

समोरचे सगळे सात बाद केले की लोण, त्याचे जादा दोन गुण. बचावात तीन किंवा कमी गडी उरलेले असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण. दुबळ्या संघाचा सगळा जीव या दुसऱ्या नियमात असतो. लोण बसायला आलेलं, दोनच गडी उरलेले, आणि ते दोघं हात सोडून दोन कोपऱ्यांत उभे राहतात. अशा वेळी आमच्या बाजूचे पंधरा-वीस जण उठून उभे राहतात. बसून बघवत नाही.

महिलांचे सामने शेजारच्या मैदानावर चालू असतात, 12 बाय 8 मीटर, पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव. तिकडं गर्दी कमी असते आणि ही मला खरोखर खुपणारी गोष्ट आहे. 2012 मध्ये पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला तेव्हा संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. राज्य सरकारनं तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. त्याही असल्याच स्पर्धांमधून वर आल्या. मुलींच्या सामन्यात ताकदीपेक्षा पदन्यास जास्त दिसतो. खेळ शिकायचा असेल तर आधी तिकडं बसावं.

रग्बीतला एक किस्सा भाच्यानं सांगितला तो माझ्या मनात घर करून राहिलाय. 31 ऑक्टोबर 1978 ला लिमरिकच्या थॉमंड पार्कवर मन्स्टर या आयर्लंडच्या एका प्रांतानं न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सना 12-0 असं हरवलं. आख्ख्या आयर्लंडला तेच करायला 2016 उजाडावं लागलं. मी त्याला म्हटलं, यात नवल नाही. प्रांताच्या संघातली पोरं एकमेकांच्या घरी जेवलेली असतात. कोण कुठल्या पायावर थकतो हे त्यांना ठाऊक असतं. जानेवारी 2018 मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं अंतिम सामन्यात सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा मला आधी आठवले ते अशा शनिवार-रविवारचे मॅट. तिथं ही पोरं एकमेकांचे घोटे धरत होती.

प्रो कबड्डीनं 2014 पासून खेळाडूंच्या घरी पैसा आणला, मला त्याचा आनंदच आहे. पण तिथं खेळाडू लिलावात विकत घेतला जातो, या वर्षी या शहराचा, पुढच्या वर्षी त्या. जिल्ह्याच्या जर्सीला लिलाव नाही. म्हणून तिच्यात हरलेला खेळाडू मान खाली घालून बसतो तेव्हा ते आपल्या घरातलं कुणी बसल्यासारखं वाटतं.

मागच्या खेपेला आमचा संघ शनिवारीच साखळीत बाहेर पडला. दोन सामने हरला, त्यातला एक तीन गुणांनी. शेवटच्या मिनिटाला आमच्या डाव्या कोपऱ्यानं बोनसच्या पायावर झेप घेतली ती पाव सेकंद लवकर. चढाईपटूनं पाय मागं घेतला आणि आमचं पोरगं रिकाम्या हातांनी मॅटवर पसरलं. वीस-एकवीस वर्षांचं असेल. त्याचे सोबती रात्रीच्या गाडीनं परतले.

रविवारी उपांत्य सामन्याला मी पायरीवर जागा शोधत होतो, तर ते पोरगं तिथं बसलेलं. अंगात तीच जर्सी, पायाशी पिशवी, कोपराला पट्टी. मी शेजारी बसलो. म्हटलं, "गेला नाहीस?" म्हणालं, "न्हाई काका, यादी वाचणारेत ना रात्री." निवड समिती हरलेल्या संघातलाही एखादा उचलते, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. ते खरंही आहे.

समोर चढाई सुरू झाली. दोन बलाढ्य जिल्हे, हजारभर लोक, शिट्ट्या. चढाईपटूनं बोनससाठी डावा पाय टाकला. त्या क्षणी माझ्या शेजारी त्या पोराच्या टाचा पायरीवरून उचलल्या गेल्या आणि हातांची बोटं मिटली. या वेळी वेळ अगदी बरोबर होती. मॅटवरच्या कोपरारक्षकानंही तेव्हाच झेप घेतली.